मामाची मुलगी आणि कुंडीतली रोपं

आमच्या कर्जतकडच्या शेतात गेल्या पावसाळ्यात एकाच बांधाच्या दोन अंगांना दोन भातं होती. एकीकडे संकरित, दुसरीकडे दरवर्षी घरचंच बी धरलेलं सरळ वाण. संकरिताला फुटवे जास्त, लोंब्याही भरघोस. ते पाहताना मला चार्ल्स डार्विन आठवला. उत्क्रांतीवाला डार्विन नव्हे, तर मामाच्या मुलीशी लग्न केलेला, दहा लेकरांचा बाप असलेला डार्विन!

१८०९ साली इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावी जन्मलेल्या डार्विनचं लग्न १८३९ मध्ये एमा वेजवुडशी झालं. एमा त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे कित्येक घरांत अशी सोयरीक होत असे, तशी तिथेही होई. संसार सुखाचा झाला. पण दहापैकी तीन मुलं लहानपणीच गेली. १८५१ मध्ये दहा वर्षांची लाडकी अ‍ॅनी गेली आणि बाप पार खचला. जवळच्या नात्यातलं लग्न तर मुलांना बाधलं नसेल ना, ही शंका त्याच्या मनातून पुढे कधी पुरती गेली नाही.

माणसांवर प्रयोग करता येत नाहीत. जनगणनेत अशा लग्नांची नोंद व्हावी म्हणून त्याने १८७० मध्ये खटपट केली, ती पार्लमेंटने फेटाळली. घरच्या कुंड्यांतली झाडं मात्र उत्तर देत होती. झाडावर जाळी घालून तो कीटकांना दूर ठेवी. काही फुलांना त्यांचेच पराग देई, काहींना दुसऱ्या झाडाचे. दोन्हींचं बी एकाच वेळी रुजलं, की एकाच कुंडीच्या दोन बाजूंना लावी. माती तीच, पाणी तेच. मग उंची मोजायची, बिया मोजायच्या.

अकरा वर्षं हा उद्योग चालला. मक्याच्या १५ जोड्यांत संकराची रोपं सरासरी सुमारे २० इंच भरली, स्वपरागाची साडेसतरा. ५७ जातींचा हा हिशेब १८७६ मध्ये पुस्तकरूपाने आला. बहुतेक ठिकाणी सरशी संकराची होती. पण मॉर्निंग ग्लोरीच्या वेलात, स्वपरागाच्या सहाव्या पिढीतलं एक रोप जोडीदारापेक्षा अर्धा इंच वर गेलं! डार्विनने त्याचं नाव ठेवलं हीरो. त्याची लेकरंही जोमदार निघाली.

आपला भात या हीरोच्याच वाटेचा. तो स्वतःच्याच परागाने फळतो. पिढ्यान्‌पिढ्या निवड होऊन दुबळी रोपं गळाली, म्हणून सरळ वाणही ताठ उभं राहतं. तरी दोन वेगळ्या वाणांचा संकर केला, की पहिल्या पिढीला नवा जोम येतो. चीनमध्ये युआन लाँगपिंग यांच्या प्रयत्नांतून संकरित भात १९७६ मध्ये मोठ्या प्रमाणावर शेतांत गेला. डार्विनच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी! उत्पन्न सुमारे २० टक्के जास्त. मात्र त्याचं बी घरी धरलं, तर पुढच्या वर्षी पीक एकसारखं येत नाही. बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. म्हणून आम्ही दुसरं खाचर सोडलेलं नाही.

डार्विन १८८२ मध्ये गेला. त्याच्या जॉर्ज या मुलाने १८७५ मध्येच अशा लग्नांचा अभ्यास करून धोका फार मोठा नसल्याचं सांगितलं होतं. त्याच घरातले तीन मुलगे पुढे रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. तरी त्या कुंड्यांपुढे फूटपट्टी घेऊन बसलेला माणूस मला शास्त्रज्ञ कमी आणि बाप जास्त वाटतो.