नावे आणि जमा : डेलिया डर्बिशायर

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

पुस्तपालनाच्या पहिल्याच तासाला आपल्याला एक नियम पाठ करावा लागतो : घेणाऱ्याचे खाते नावे करावे, देणाऱ्याचे खाते जमा करावे. नियम इतका सोपा की शाळकरी मुलालाही समजावा. पण दुकानाच्या वहीत जो नियम बिनचूक पाळला जातो, तो माणसांच्या बाबतीत मात्र वारंवार मोडला जातो. देणारा देतच राहतो आणि त्याच्या खात्यावर जमेची रक्कम कोणी मांडतच नाही. देवळाचा कळस लांबून दिसतो. पायातल्या दगडांची विचारपूस कोण करतो? इंग्लंडमधील डेलिया डर्बिशायर ही अशीच एक देणारी. तिने घडवलेली एक धून साठ वर्षांहून अधिक काळ जगभर ऐकली जात आहे. परंतु ती धून जिच्यासाठी तयार झाली, त्या मालिकेच्या श्रेयनामावलीत तिचे नाव झळकायला पन्नास वर्षे जावी लागली, आणि तोवर ती या जगात उरली नव्हती. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगीतकाराचे चरित्र का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या हिशेबातच आहे.

डेलियाचा जन्म ५ मे १९३७ रोजी कॉव्हेंट्री या कारखान्यांच्या शहरात झाला. वडील पत्र्याचे काम करणारे कारागीर. घर साध्या कामगाराचे. ती तीन वर्षांची असताना, १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर भीषण बाँबहल्ला केला. शहराचे प्राचीन कॅथीड्रलही त्यात उद्ध्वस्त झाले. हल्ल्याची सूचना देणारा तो चढत-उतरत जाणारा भोंगा त्या चिमुरडीच्या कानात कायमचा बसला. विजेच्या आवाजाशी आपली पहिली ओळख त्या भोंग्याने करून दिली, असे ती पुढे सांगत असे. ज्या आवाजाने इतरांच्या छातीत धडकी भरली, त्यातच हिला स्वरांचे बीज सापडले! पुढे तिला सुरक्षिततेसाठी प्रेस्टन येथे हलवण्यात आले.

शाळेत ती अत्यंत हुशार होती. गणितात तर तिचा हात धरणारे कोणी नव्हते. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणितासाठी तिला शिष्यवृत्ती मिळाली. कामगाराच्या मुलीने केंब्रिजला जाणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. एक वर्षानंतर तिने संगीताकडे मोर्चा वळवला आणि १९५९ मध्ये गणित व संगीत अशा दोन्ही विषयांसह पदवी घेतली. आपल्याकडे गणिताचा विद्यार्थी गाऊ लागला तर वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतात. डेलियाच्या दृष्टीने मात्र स्वर म्हणजे कंपनांची संख्या आणि ताल म्हणजे काळाचे अपूर्णांक. तिला या दोन विषयांत भिंत दिसलीच नाही.

पदवी हाती पडताच तिने डेक्का या प्रसिद्ध ध्वनिमुद्रण कंपनीकडे नोकरी मागितली. आमच्या स्टुडिओत आम्ही स्त्रियांना घेत नाही, असे तिला सांगण्यात आले. गुणपत्रिका नको, परीक्षा नको. मुलगी आहे एवढे कारण पुरे! मग तिने जिनीव्हात काही काळ काम केले, संगीताची पुस्तके छापणाऱ्या संस्थेत नोकरी केली, शाळेत शिकवले. अखेर १९६० च्या अखेरीस ती बी. बी. सी. मध्ये शिकाऊ स्टुडिओ सहायक म्हणून रुजू झाली.

बी. बी. सी. च्या लंडनमधील मेडा व्हेल येथील इमारतीत ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ नावाचा एक विभाग १९५८ साली सुरू झाला होता. नभोनाट्यांना आणि दूरदर्शन कार्यक्रमांना लागणारे चमत्कारिक आवाज तयार करणे हे त्याचे काम. हा विभाग स्थापन व्हावा म्हणून झटणाऱ्यांत डॅफ्नी ओरम ही दुसरी एक स्त्री आघाडीवर होती. १९६२ मध्ये डेलिया आपण होऊन या विभागात गेली.

तेथे ती काय करीत असे, हे आजच्या वाचकाला समजावून सांगावे लागेल. त्या विभागात तेव्हा सिंथेसायझर नव्हते. होते ते टेपरेकॉर्डर, कात्री-पाते, चिकटपट्टी आणि यंत्रे तपासण्यासाठी वापरले जाणारे ऑसिलेटर. एखादा आवाज फितीवर घ्यायचा. फीत दुप्पट वेगाने फिरवली की तो बरोबर एक सप्तक वर जातो, निम्म्या वेगाने फिरवली की एक सप्तक खाली. अशा रीतीने प्रत्येक स्वर वेगळा तयार करायचा, त्याचा तुकडा मोजून कापायचा आणि एकापुढे एक चिकटवायचा. फीत सेकंदाला १५ इंच धावते असे धरले, तर अर्ध्या सेकंदाच्या स्वराला साडेसात इंच फीत लागते. डेलिया लॉगॅरिथमची कोष्टके हाताशी ठेवून स्वरांची गणिते मांडीत असे. ज्या कोष्टकांनी आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांत पाणी आणले, त्यांतून तिने संगीत काढले!

१९६३ साली बी. बी. सी. ने ‘डॉक्टर हू’ ही कालप्रवासाची मालिका सुरू करण्याचे ठरवले. तिच्या पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौत जन्मलेला तरुण होता. शीर्षकसंगीताचे काम रॉन ग्रेनर या ऑस्ट्रेलियन संगीतकाराकडे गेले. ग्रेनरने अगदी थोडक्यात चाल लिहून दिली आणि ती प्रत्यक्षात उतरवण्याचे काम डेलियाकडे आले. मदतीला डिक मिल्स हा सहकारी होता. तारेचा एकच टणत्कार घेऊन तिने खालच्या स्वरांची ती धावती लय रचली. वरची लांबत जाणारी सुरावट ऑसिलेटरमधून काढली. वाऱ्यासारखा सुसाटा गाळलेल्या खरखरीतून घेतला. अनेक पट्ट्यांवर एकाच वेळी मुद्रण करणारे यंत्र नव्हते, म्हणून वेगवेगळ्या फिती वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच क्षणी सुरू करून त्यांचा मेळ घालावा लागे. एकदा कोठेतरी एक स्वर चुकत होता, तेव्हा फिती लांबलचक बोळात जमिनीवर शेजारी शेजारी पसरून, कोणता जोड पुढे-मागे सरकला आहे ते शोधून काढावे लागले. सुमारे अडीच मिनिटांच्या संगीतासाठी केवढी ही तपश्चर्या!

तयार धून ऐकून ग्रेनर थक्क झाला. ही आपलीच चाल का, असा त्याला प्रश्न पडला. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ती धून प्रथम प्रसारित झाली आणि घराघरांत पोचली. ग्रेनर दिलदार माणूस होता. डेलियालाही सहसंगीतकाराचा मान आणि मानधनाचा वाटा मिळावा, अशी त्याची इच्छा होती. परंतु वर्कशॉपमधील कर्मचाऱ्यांनी निनावी राहून काम करावे, हे बी. बी. सी. चे धोरण! पडद्यावर ग्रेनरचे नाव आले, वर्कशॉपचे नाव आले. डेलियाचे आले नाही.

येथे कायद्याचा थोडा विचार करू. नोकराने नोकरीचा भाग म्हणून निर्माण केलेल्या कृतीची मालकी मालकाकडे जाते, हे तत्त्व इंग्लंडच्या त्या वेळच्या कायद्यात होते आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्येही आहे. त्यावर फारसा वाद घालता येत नाही. मालक पगार देतो, जोखीम घेतो. परंतु त्याच भारतीय कायद्याचे कलम ५७ असे मानते की, हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही आपण कर्ते आहोत असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो. म्हणजेच मालकी आणि कर्तृत्व ही दोन स्वतंत्र खाती आहेत. पहिले बी. बी. सी. कडे गेले हे ठीकच. पण दुसरे कोरे ठेवल्याने बी. बी. सी. चा कोणता पैसा वाचला? एक नाव छापायला शाई ती किती लागते!

आता दैवाचा खेळ पाहा. १९६४ साली ‘डॉक्टर हू’ची ही धून छोट्या तबकडीच्या रूपाने बाजारात आली, आणि ती काढणारी कंपनी होती डेक्का! जिने पाच वर्षांपूर्वी या मुलीला दारातून परत पाठवले, तिनेच तिच्या हातची कलाकृती विकली. आणि तबकडीच्या लेबलावर नाव होते ते वर्कशॉपचे आणि ग्रेनरचे.

डेलिया मात्र काम करीतच राहिली. सुमारे दोनशे कार्यक्रमांना तिने संगीत व ध्वनी दिले. १९६७ साली सहारातील तुआरेग लोकांवरील माहितीपटासाठी तिने जे संगीत केले, त्यात एका साध्या हिरव्या धातूच्या दिव्याच्या छत्रीचा नाद वापरला. छत्रीवर टोला द्यायचा, टोल्याचा आवाज कापून टाकायचा आणि मागे रेंगाळणारा झंकार तेवढा ठेवायचा. त्यातून वाळवंटातील रणरणते ऊन डोळ्यांपुढे उभे राहते. १९६८ मध्ये वर्कशॉपच्या दहा वर्षांनिमित्त निघालेल्या दीर्घ तबकडीवर या रचनेसमोर तिचे नाव छापले गेले, हे नमूद केले पाहिजे.

बी. बी. सी. च्या बाहेरही ती मित्रांबरोबर काम करी. १९६९ साली डेव्हिड व्होरहाउस आणि ब्रायन हॉजसन यांच्यासमवेत ‘व्हाइट नॉइज’ या नावाने तिने ‘ॲन इलेक्ट्रिक स्टॉर्म’ ही तबकडी केली. प्रथम ती फारशी खपली नाही. याच सुमारास तिने ‘लायब्ररी’ तबकड्यांसाठीही रचना केल्या. या तबकड्या दुकानात विकल्या जात नसत. चित्रपट आणि दूरदर्शनवाल्यांना पार्श्वसंगीत म्हणून वापरण्यासाठी त्यांच्या मोजक्या प्रती निघत. बी. बी. सी. ची नोकर असल्याने येथे तिला ‘ली द ला रूस’ असे टोपणनाव घ्यावे लागले. ‘डेलिया’ची अक्षरे उलटसुलट करून त्यांना तिच्या तांबूस केसांची जोड दिलेले हे नाव. एका ठिकाणी नाव दिले जात नव्हते, तर दुसऱ्या ठिकाणी ते लपवावे लागत होते!

१९७३ साली ती बी. बी. सी. तून बाहेर पडली. सिंथेसायझरच्या तयार आवाजांत तिचे मन रमले नाही. पुढे काही काळ तिने उत्तर इंग्लंडमध्ये वायूची नळयोजना टाकणाऱ्यांकडे रेडिओ-ऑपरेटर म्हणून काम केले, एका कलादालनात मदत केली आणि अखेर नॉर्थॅम्प्टनला स्थायिक झाली. पाव शतक संगीताच्या जगाने तिची फारशी आठवण काढली नाही.

आठवण काढली ती नव्या पिढीने. ज्याला तिकडे ‘अंडरग्राउंड’ म्हणतात, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या आणि जाहिरातींच्या वाटेला न जाणारे विद्युत-संगीत, ते करणारी तरुण मंडळी जुन्या तबकड्या धुंडाळू लागली. आपण संगणकावर सहज करतो ते ही बाई कात्रीने करीत होती, हे पाहून ती चकित झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पीटर केंबर या संगीतकाराबरोबर डेलियाने पुन्हा कामाला सुरुवात केली. पण ३ जुलै २००१ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, मूत्रपिंडाच्या विकाराने तिचे निधन झाले.

मृत्यूनंतर तिच्या माळ्यावर २६७ फिती सापडल्या. त्या २००७ साली मँचेस्टर विद्यापीठाकडे आल्या. त्यांतील १९६० च्या दशकातील एक तुकडा तर चाळीस वर्षांनंतरच्या नृत्यसंगीतासारखा वाजतो! १९७२ ची ‘इलेक्ट्रोसॉनिक’ ही लायब्ररी तबकडी २००६ मध्ये पुन्हा निघाली. लंडनच्या ‘ट्रंक रेकॉर्ड्स’ या लहानशा संस्थेनेही तिच्या टोपणनावाखालील रचना पुन्हा बाजारात आणल्या. मूळ प्रती पूर्वी संग्राहकांच्या कपाटात होत्या. आता सामान्य रसिकाला त्या हाताळता येऊ लागल्या. नुसता नफा पाहणाऱ्या व्यापाऱ्याने हे उद्योग केले नसते. थोड्या प्रती, थोडे गिऱ्हाईक, पण वेष्टनावर तिची माहिती आणि टोपणनावामागचे खरे नाव! २०१३ साली ‘डॉक्टर हू’च्या सुवर्णमहोत्सवी भागात पडद्यावरही तिचे नाव आले. २०१७ मध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठाने तिला मरणोत्तर सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि तिच्या बालपणीच्या घरावर निळी स्मृतिपट्टिका लागली.

वहीतील चूक केव्हाही दुरुस्त करता येते, असे आपण शिकतो. वर्षाअखेरीस दुरुस्तीची नोंद टाकली की ताळेबंद जुळतो. पण ज्या माणसाचे खाते आहे तो निघून गेल्यावर जुळलेल्या ताळेबंदाचा त्याला काय उपयोग? उद्या आपल्यापैकी कोणी बँकेत, कोणी कचेरीत, कोणी स्वतःच्या पेढीवर बसेल. आपल्या हाताखाली कोणी मुकाट्याने राबणारी डेलिया असू शकेल. तिचा पगार वेळेवर देऊच. पण तिने केलेल्या कामावर तिचे नाव त्याच दिवशी लिहू या. देणाऱ्याचे खाते जमा करावे, हा नियम पहिल्याच तासाला शिकवतात तो उगीच नव्हे!