डॉ. लुसी विल्स : फॉलिक ॲसिडच्या गोळीमागची मुंबईची गोष्ट

शाळेत मुलामुलींना दर आठवड्याला लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते. गरोदरपणातही अशी गोळी देतात. यातल्या फॉलिक ॲसिडचा शोध आपल्या मुंबईत सुरू झाला, हे किती जणांना ठाऊक आहे?

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून त्या १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. १९२८ मध्ये त्या मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी फिक्या पडत, काही दगावतही. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कमी आणि आकाराने मोठ्या दिसत.

जंतूंमुळे होतं का हे? नाही. दोष ताटातच होता. चांगलं खाणाऱ्या घरांत हा आजार कमी दिसे. मग असाच निकस आहार दिलेल्या माकडावर त्यांनी यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइट या स्वस्त पदार्थाचा प्रयोग केला. माकड सुधारलं. नंतर बायकाही बऱ्या झाल्या! १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

१९४१ मध्ये तोच घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम, म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. पुढे अमेरिकेत आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केलं.

१६ एप्रिल १९६४ रोजी लुसीबाई गेल्या. या गोळीने बाळाच्या मणक्यातले आणि मेंदूतले जन्मदोष टळतात, हे १९९१ मध्ये सिद्ध झालं. ते पाहायला त्या नव्हत्या.

आता पालकांसाठी महत्त्वाचं. बाळाचा मेंदू आणि मणका जिच्यापासून घडतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांतच बंद होते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून पहिल्या १२ आठवड्यांपर्यंत घ्यायचं असतं. आधीच्या बाळात असा दोष असेल किंवा फिटची औषधं चालू असतील, तर डोस डॉक्टरच ठरवतील. पालेभाज्या, डाळी खायच्याच, पण गोळी टाळायची नाही.

वर्गात ही गोष्ट जरूर सांगा. खिडकीतून बाहेर फेकल्या जाणाऱ्या काही गोळ्या तरी वाचतील.