ऑड हासेल

ऑड हासेल (१७ मे १८९७ – ११ मे १९८१) हे नॉर्वेचे भौतिक रसायनशास्त्रज्ञ होते. संरूपणाविषयीच्या कार्यासाठी त्यांना डेरेक बार्टन यांच्यासमवेत १९६९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बंध न तोडता, केवळ एकेरी बंधांभोवती फिरून रेणू जे निरनिराळे त्रिमित आकार घेतो, त्यांना संरूपणे म्हणतात.

हासेल यांचा जन्म क्रिस्तियानिया (आताचे ऑस्लो) येथे झाला. तेथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी म्युनिकला काही काळ संशोधन केले आणि १९२४ मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९३४ मध्ये ते ऑस्लो विद्यापीठात प्राध्यापक झाले.

सायक्लोहेक्झेन या सहा कार्बन अणूंच्या वलयाचा अभ्यास त्यांनी १९३० च्या सुमारास हाती घेतला. हे वलय सपाट नसून खुर्चीसारखे किंवा नावेसारखे वाकलेले असावे, असे हेर्मान साक्से यांनी १८९० मध्येच सुचवले होते. परंतु त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. हासेल यांनी वायुरूप रेणूंकडून होणाऱ्या इलेक्ट्रॉन विवर्तनावरून अणूंमधील अंतरे मोजली आणि खुर्चीचा आकारच स्थिर असल्याचे दाखवले. या स्थैर्याचे मुख्य कारण पीळ-ताणाचा अभाव हे आहे. शेजारच्या दोन कार्बनांवरील बंध नेमके समोरासमोर आले की रेणूची ऊर्जा वाढते; ईथेनमध्ये ही वाढ मोलमागे सुमारे १२ किलोजूल असते. खुर्चीत वलयाच्या सहाही बाजूंवर असे बंध एकमेकांना चुकवून राहतात, तर नावेत दोन बाजूंवर ते समोरासमोर येतात.

जर्मनीने नॉर्वे व्यापल्यावर हासेल यांनी जर्मन नियतकालिकांत लेखन करणे नाकारले. त्यामुळे १९४३ चा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा निबंध नॉर्वेजियन भाषेत छापला गेला आणि देशाबाहेर फारसा वाचला गेला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली व नोव्हेंबर १९४४ पर्यंत ते ग्रीनी येथील छावणीत बंदिवान होते. अर्थशास्त्रज्ञ राग्नार फ्रिश हेही तेथे बंदी होते; योगायोग असा, की त्यांनाही १९६९ मध्येच नोबेल मिळाले.

बार्टन यांनी १९५० मध्ये हीच दृष्टी स्टेरॉइडांना लावली, तेव्हा संरूपणाचे महत्त्व कार्बनी रसायनशास्त्रात सर्वमान्य झाले. औषधरचनेत आज याच ताणाचा हिशेब करावा लागतो: प्रथिनाच्या खोबणीत बसण्यासाठी औषधाच्या रेणूला अवघड पीळ घ्यावा लागला, तर मोलमागे सुमारे ६ किलोजूलांचा भुर्दंडही त्याची पकड दहापट सैल करू शकतो.

पुढे हासेल यांनी हॅलोजन अणूंमुळे रेणू परस्परांशी कसे जोडले जातात, याचा अभ्यास केला. १९६४ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांचे निधन ऑस्लो येथे झाले.