प्रकाशाचे डॉक्टर, आणि त्यांचा न सुटलेला आजार

जुनाट आजाराला कंटाळलेल्या रुग्णाला आज दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, भरपूर ऊन घ्या, 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या. दुसरा म्हणतो, ऊन टाळा, 'ड' जीवनसत्त्व आहारातूनही काढून टाका, आजार आपोआप उतरेल. ही दोन्ही टोके शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एकाच डॉक्टरच्या कामात दिसतात, तीही 'ड' जीवनसत्त्वाचे नाव जन्माला येण्यापूर्वी. ते डॉक्टर म्हणजे नील्स फिन्सेन.

फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फॅरो बेटांवर, तोर्सहाव्हन येथे झाला. घराणे मूळचे आइसलँडचे, वडील सरकारी अधिकारी. डेन्मार्कमधल्या शाळेत या मुलाबद्दल शिक्षकांचे मत फारसे बरे नव्हते. पुढचे शिक्षण आइसलँडमध्ये झाले. १८८२ साली ते वैद्यकीय शिक्षणासाठी कोपनहेगनला आले आणि १८९० मध्ये डॉक्टर झाले. विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे विच्छेदन करून दाखवण्याची नोकरी मिळाली. तीही १८९३ मध्ये संशोधनासाठी सोडली आणि शिकवण्या करून घर चालवले.

विद्यार्थिदशेतच त्यांना आजाराने गाठले होते. थकवा, रक्तक्षय, पुढे पोटात पाणी साठणे. हृदय, यकृत व प्लीहा यांच्या भोवतालची आवरणे हळूहळू जाड होत जाणारा हा विकार होता आणि त्यावर उपाय नव्हता. राहते घर उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे खोलीत ऊन येत नसे. उन्हात बसले की बरे वाटते, हा त्यांचा स्वतःचा अनुभव. उन्हाबरोबर जागा बदलत जाणाऱ्या मांजराकडे ते तासन्‌तास पाहत असत, असेही सांगतात. प्रकाशात काहीतरी औषधी असले पाहिजे, ही कल्पना अशी एका रुग्णाच्या गरजेतून आली.

गंमत म्हणजे त्यांचा पहिला गाजलेला उपचार प्रकाश देण्याचा नव्हता, टाळण्याचा होता. देवीच्या रुग्णांचे व्रण चेहऱ्यावर आणि हातांवर, म्हणजे उघड्या भागावर, जास्त खोल राहतात. तेव्हा सूर्यप्रकाशातले जांभळ्या बाजूचे किरण अडवले तर व्रण कमी होतील, असा तर्क त्यांनी १८९३ मध्ये मांडला. खिडक्यांना लाल पडदे, लाल काचा, खोलीत फक्त लाल उजेड. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी त्याच उन्हाळ्यात प्रयोग केला, निकाल उत्साहवर्धक वाटले आणि लाल खोल्यांची साथच पसरली. पण पुढे इंग्लंडमध्ये काळजीपूर्वक पडताळणी झाली तेव्हा फायदा दिसला नाही. उपचार मागे पडला. तर्क सुंदर होता. रुग्णांवर तो उतरला नाही, इतकेच.

प्रकाश देण्याचा उपचार मात्र टिकला. लुपस व्हल्गॅरिस म्हणजे त्वचेचा क्षय. तो नाक, गाल, ओठ खात जाई. रुग्णाला लोकांत तोंड दाखवणे कठीण होई. नोव्हेंबर १८९५ मध्ये कोपनहेगनच्या वीजकेंद्रात फिन्सेन यांनी अशा पहिल्या रुग्णावर कार्बनच्या प्रखर दिव्याचा झोत सोडला. रक्त प्रकाश शोषून घेते, म्हणून नर्स थंड पाण्याने निववलेले भिंग त्वचेवर दाबून धरी, जेणेकरून त्या जागेचे रक्त बाजूला सरे. रोज तासभर किंवा त्याहून जास्त, असे कित्येक महिने. १८९६ मध्ये प्रकाशोपचाराची संस्था उभी राहिली आणि १९०१ पर्यंत सुमारे ८०० रुग्णांचे निकाल हाती आले. ज्यांना काहीच गुण आला नाही, असे त्यांत फार थोडे होते. डेन्मार्कची राजकन्या असलेल्या इंग्लंडच्या अलेक्झांड्रा यांनी हा दिवा लंडनला नेला. १९०३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल फिन्सेन यांना मिळाले, पण स्टॉकहोमपर्यंत जाण्याची ताकद अंगात नव्हती. बक्षिसाच्या रकमेचा मोठा वाटा त्यांनी संस्थेला आणि हृदय-यकृताच्या रुग्णांसाठीच्या रुग्णालयाला दिला.

आज 'ड' जीवनसत्त्वाची महती सांगताना फिन्सेन यांचा दाखला हमखास दिला जातो. तो जपून घ्यावा लागतो. 'ड' हे नाव आले १९२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी. शिवाय २००५ मध्ये डेन्मार्कच्याच संशोधकांनी त्यांच्या जुन्या उपकरणांची तपासणी केली, तेव्हा ३४० नॅनोमीटरखालचे किरण भिंगे आणि गाळण्याच अडवत होत्या, असे दिसले. त्वचेत 'ड' तयार व्हायला त्याहून आखूड लांबीचे किरण लागतात. म्हणजे गुण आला तो बहुधा प्रकाशामुळे जंतूंमधल्या रंगद्रव्यांत घडणाऱ्या विषारी क्रियेमुळे. १९४० च्या दशकात याच रोगावर 'ड' चे प्रचंड डोस देऊन पाहिले गेले. व्रण भरले, पण काहींच्या रक्तातले कॅल्शियम धोकादायक वाढले.

टाळण्याच्या बाजूलाही खरे उदाहरण आहे. सारकॉइडोसिस या आजारात सुजेच्या गाठींतल्या पेशी 'ड' चे कार्यक्षम रूप स्वतःच बेसुमार बनवतात, त्यामुळे काही रुग्णांचे कॅल्शियम चढते. त्यांना ऊन आणि 'ड' दोन्ही जपूनच घ्यायला सांगतात. पण त्यावरून प्रत्येक जुनाट आजाराला 'ड' बंद करावे, हा निष्कर्ष निघत नाही. त्याला तोलामोलाच्या चाचण्यांचा आधार नाही, आणि दीर्घकाळ 'ड' तोडले तर हाडे मऊ पडतात, हे पक्के ठाऊक आहे. सध्या ज्याला नुसते ल्युपस म्हणतात तो आजार फिन्सेन यांच्या लुपसहून वेगळा आहे. त्यात डॉक्टर ऊन टाळायला लावतात आणि बऱ्याचदा 'ड' गोळीतून देतात. ऊन टाळणे आणि 'ड' टाळणे या दोन गोष्टी वेगळ्या, हे तिथे स्पष्ट दिसते.

फिन्सेन यांना स्वतःला ना उन्हाने बरे केले, ना सावलीने. शेवटची वर्षे चाकांच्या खुर्चीत गेली. तेव्हा त्यांनी आपल्याच शरीराचा हिशेब मांडला: काय खाल्ले, किती प्यायले, किती बाहेर पडले, वजन किती. शरीरात मीठ साठते आणि त्यामागोमाग पाणी, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी मीठ कमी केले आणि १९०४ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला, वयाच्या ४३ व्या वर्षी, कोपनहेगनमध्ये त्यांचे निधन झाले. पोटात पाणी साठलेल्या रुग्णाचे मीठ आजही डॉक्टर आधी कमी करतात.