आधी स्वतःला टोचलं!

पाऊस मनासारखा झाला की इटियाडोह धरण भरतं, सांडवा वाहू लागतो आणि अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. तुमच्या ग्रुपवरही प्लॅन शिजलाच असेल. भिजायचं, फोटो काढायचे, गरम भजी हाणायची. भजी तशी बरी, उकळत्या तेलातून थेट कागदावर येतात. घोळ होतो तो सोबतच्या चटणीतल्या पाण्याने, नाहीतर सकाळी डब्यात भरलेल्या भाताने. आपण धानाच्या पट्ट्यातले लोक, भाताशिवाय आपलं पान हलत नाही. पण शिजलेला भात दमट उबेत तासन्‌तास राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो. उलट्या होतील असं विष तो तयार करतो आणि भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही. एखादा दिवस हाल होतात, मग बरं वाटतं. पोट बिघडलं होतं म्हणून आपण विसरूनही जातो.

याच वाटेने, म्हणजे तोंडातून पोटात, एक जिवाणू असा जायचा की विसरायला माणूसच उरत नसे. कॉलरा. जुनी माणसं पटकी म्हणायची. गावोगावच्या वेशीवर मरीआईचं ठाणं आहे ना, त्यामागे याच साथीची भीती आहे. रोग्याच्या मळातले जंतू पाण्यात, पाण्यातून अन्नात आणि अन्नातून दुसऱ्याच्या आतड्यात. तिथे ते विष सोडतात आणि शरीरातलं पाणी नि क्षार तांदळाच्या धुवणासारख्या जुलाबांतून वाहून जातात. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत संपायचा.

या रोगाला सुईने अडवायला निघालेल्या माणसाचं आडनाव तुम्ही नक्की ऐकलंय. पोलिओचे थेंब, सर्पदंशावरची लस, परळची ती संस्था. हाफकिन! ही संस्था आहे की कंपनी, की एखाद्या औषधाचं नाव, असा गोंधळ अनेकांचा असतो. तो एक माणूस होता. वाल्देमार हाफकिन.

जन्म 15 मार्च 1860, ओडेसा. तेव्हा ते रशियन साम्राज्यातलं बंदर होतं. घर ज्यू. विद्यापीठात मेच्निकॉव्ह या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली तो प्राणिशास्त्र शिकला. प्राध्यापक व्हायचं तर धर्म बदल, अशी अट होती. त्याने बदलला नाही. 1888 मध्ये देश सोडला आणि वर्षभराने पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचला. काम मिळालं ते ग्रंथालयातल्या सहायकाचं! पुस्तकांचं काम संपलं की उरलेल्या वेळात प्रयोगशाळा.

कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखने 1884 मध्ये ओळखला होता. तो वळणदार, स्वल्पविरामासारखा दिसतो. हाफकिनने तो गिनीपिगच्या पोटात एकातून दुसऱ्यात सोडत नेला आणि चांगलाच जहाल केला. दुसरीकडे गरम हवेत वाढवून त्याचं कमजोर रूप बनवलं. आधी कमजोर टोचायचा, काही दिवसांनी जहाल. जनावरांवर जमलं. पण माणसावर? 18 जुलै 1892 रोजी त्याने सुई स्वतःच्याच कुशीत खुपसली. ताप आला, अंग ठणकलं आणि उतरलंही. वय 32. तो डॉक्टर नव्हता हे इथे लक्षात ठेवा, पुढे हेच त्याच्यावर उलटणार आहे.

1893 मध्ये तो भारतात आला. तुम्हीच विचार करा, परका गोरा माणूस, हातात सुई, पाठीशी इंग्रज सरकार. लोक का विश्वास ठेवतील? कलकत्त्याच्या बस्तीत दगड पडले. तेव्हा पथकातल्यांनी लोकांसमोर आधी स्वतःला टोचून घेतलं, मग रांग लागली. 1894 मध्ये कट्टलबागान बस्तीत सुमारे दोनशेपैकी 116 जणांनी लस घेतली. नंतर तिथे जे आजारी पडले ते सगळे लस न घेतलेले निघाले. दोन-अडीच वर्षांत त्याने 42 हजारांहून जास्त लोकांना लस टोचली. मग मलेरियाने त्यालाच आडवं केलं.

मला यात लशीपेक्षा त्याची पद्धत मोठी वाटते. त्याने टोचलेले आणि न टोचलेले शेजारी शेजारी ठेवून मोजले. आज प्रत्येक लशीकडे आपण हाच हिशोब मागतो. आणि खरं सांगायचं तर ती लस काही रामबाण नव्हती. संरक्षण अर्धवट आणि काही महिन्यांपुरतं. कॉलरा खरा हटतो तो स्वच्छ पाण्याने आणि संडासाने, आणि आजारी माणूस वाचतो तो मीठ-साखरेच्या पाण्याने, म्हणजे ओआरएसने, वेळेवर दिलं तर.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सरकारने त्यालाच बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला ती पुन्हा पहिल्यांदा स्वतःला टोचली! 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात त्याची प्रयोगशाळा थाटली गेली.

आणि मग मुलकोवाल. पंजाबातलं हे गाव. 30 ऑक्टोबर 1902 रोजी 107 जणांना प्लेगची लस दिली आणि त्यातले 19 जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. लस निर्जंतुक करताना फिनॉल वगळून उष्णता वापरली, म्हणून दोष प्रयोगशाळेचा, असा ठपका बसला. हाफकिन निलंबित झाला. परका, ज्यू आणि वर डॉक्टरही नाही, बोट दाखवायला एवढं पुरेसं होतं. खरं तर बाटली उघडताना गावातल्या सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. हे सगळं चौकशीच्या कागदांत होतं, पण ते कागद बाहेर यायलाच वर्षं गेली. मलेरियाचं कोडं सोडवणाऱ्या रोनाल्ड रॉसने 1907 मध्ये लंडनच्या टाइम्समधून बाजू मांडली, आणखीही शास्त्रज्ञ उभे राहिले, तेव्हा कुठे त्याच वर्षी तो निर्दोष ठरला.

पाच वर्षं गेली होती. तो कलकत्त्याला परतला, पण परळची प्रयोगशाळा काही पुन्हा त्याच्या हाती आली नाही. निवृत्त होऊन तो युरोपात गेला. लग्न केलं नाही, धर्मात जास्त रमला, साठवलेला पैसा ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवला. 1925 मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. तेव्हा तो जिवंत होता. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात तो वारला.