फादर ग्रेगोर मेंडेल : वाटाण्याच्या वाफ्यापासून उंदरांच्या केसांपर्यंत

आनुवंशशास्त्राचे जनक म्हणून जग ज्यांना ओळखते, ते फादर ग्रेगोर मेंडेल ऑगस्टिनियन संघाचे व्रतस्थ होते. त्यांचा जन्म १८२२ साली ऑस्ट्रियन साम्राज्यातील सिलेशिया प्रांतात एका शेतकरी कुटुंबात झाला. धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्यातील वाटा दिला, म्हणूनच त्यांचे शिक्षण पुढे चालू शकले. १८४३ साली ते ब्र्नो येथील संत थॉमस मठात दाखल झाले व १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत मात्र ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत, याचे आम्हांला आजही नवल वाटते.

मठाच्या बागेत त्यांनी १८५६ पासून आठ वर्षे वाटाण्याची सुमारे २८,००० झाडे वाढवली व तपासली. पहिल्या संकरात लुप्त झालेला गुण पुढच्या पिढीत चारांपैकी एका झाडात पुन्हा प्रकटतो, हे त्यांनी मोजून दाखवले. १८६५ साली त्यांनी हे निष्कर्ष ब्र्नो येथे मांडले, परंतु त्यांचे मोल कोणी जाणले नाही. पुढे हॉकवीड या रानफुलावर केलेल्या प्रयोगांत तो नियम जुळेना. हे झाड बहुधा फलनाविनाच बी धरते, हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. आपला नियम वाटाण्यापलीकडे कितपत लागू पडतो, हा प्रश्न त्यांच्यापुरता अनुत्तरितच राहिला. १८६८ पासून मठाधिपतिपदाचा भार व पुढे सरकारशी कराचा वाद. त्यांतच १८८४ साली त्यांचे निधन झाले.

१९०० साली त्यांचा निबंध पुन्हा उजेडात आला. दोनच वर्षांनी फ्रान्समधील नान्सी येथे ल्यूसियँ क्युएनो यांनी करड्या व पांढऱ्या उंदरांचा संकर केला. पहिली पिढी सारी करडी निघाली. दुसरीत तीन करड्यांमागे एक पांढरा, अगदी वाटाण्याप्रमाणेच! केस, त्वचा व डोळे यांना रंग देणारे मेलॅनिन ज्या विकराच्या साहाय्याने तयार होते, त्याचे जनुक आई व वडील या दोघांकडूनही सदोष आले, तरच पिल्लू पांढरे जन्मते, हे आज आपण जाणतो. माणसातील वर्णहीनतेच्या एका प्रकाराचे कारणही हेच आहे.

पिवळ्या उंदरांनी मात्र क्युएनोंना चकवले. पिवळ्या जोडीच्या पिल्लांत तीनास एक हे प्रमाण मिळेना, दोनास एकच मिळे. कॅसल व लिटल यांनी १९१० साली उलगडा केला : दोन्हीकडून पिवळेपणाचे जनुक मिळालेली पिल्ले गर्भातच मरत होती. मेंडेल यांचा हिशेब चुकलेला नव्हता. मोजायला ती पिल्लेच जन्मत नव्हती.