पगार वेळेवर देणारा दिवाण

तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर एक पुतळा आहे. त्या चौकाचे नावच ‘स्टॅच्यू’ पडले आहे. पुतळा कोणाचा, हे मात्र बसमधल्या प्रवाशांना क्वचितच ठाऊक असते. तो आहे सर टी. माधवरावांचा. १८२८ साली कुंभकोणमला, तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून ते आले आणि तिशीच्या आतच दिवाण झाले.

राज्य तेव्हा बुडायच्या बेतात होते. कारभार सुधारा, असा इशारा १८५५ मध्येच इंग्रजांनी दिला होता. खजिन्यावर कर्ज, नोकरांचे पगार थकलेले. आता पगारच नाही म्हटल्यावर कारकून रयतेकडून वसूल करणार नाही तर काय करणार? त्यातच मिरी आणि तंबाखूवर सरकारचा मक्ता. मिरी पिकवायची शेतकऱ्याने, भाव ठरवायचा सरकारने. मग चोरटा व्यापार फोफावणार आणि तो पकडणाऱ्याचे हातही ओले होणार, हे ओघानेच आले.

माधवरावांनी उपदेश केला नाही. त्यांनी पगार वाढवले आणि चुकते केले. मक्ते मोडून साधी जकात बसवली; तंबाखूचा मक्ता १८६३ मध्ये गेला. त्याच साली राज्य कर्जमुक्त झाले. १८६५ मध्ये सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना तिची मालकी मिळाली. ती जमीन त्यांना विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. कोणी अधिकारी उद्या हुसकावून लावील ही धास्ती संपल्यावरच माणूस नारळाचे रोप लावतो. त्याला फळ धरायला वर्षे लागतात! मला तर त्यांची ही कामगिरी सर्वांत मोठी वाटते.

१८७२ मध्ये महाराजांशी बिनसले आणि त्यांना जावे लागले. पुढे इंदूर आणि मग १८७५ मध्ये बडोदे. मल्हारराव गायकवाड नुकतेच पदच्युत झाले होते, कवळाण्याहून आलेले सयाजीराव अवघे बारा वर्षांचे होते आणि सारावसुली इजारदारांच्या हाती होती. इजारदाराला गाव पुढच्या वर्षी आपल्याकडे असेलच याची खात्री नसे, म्हणून तो आजच पिळून घेई. माधवरावांनी इजारे बंद करून पगारी वहिवाटदार नेमले. सयाजीरावांसाठी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. त्या शिदोरीवर पुढचे बडोदे उभे राहिले, असे म्हणायला हरकत नाही.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. त्रावणकोरची कचेरी त्यांनी स्वच्छ केली, तिचे दार मात्र रुंद केले नाही. वरच्या जागांवर परप्रांतीय ब्राह्मणांचीच वर्दळ राहिली. जानेवारी १८९१ मध्ये मल्याळी प्रजेने या मक्तेदारीविरुद्ध १० हजारांवर सह्यांचा अर्ज महाराजांना सादर केला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ एप्रिल रोजी, माधवरावांचे निधन झाले.